चौदा महिन्यांनंतरचा लेग डे: एका स्नायुदुखीचं प्रकरण

बाईंचं वय ३८. काम बैठं. त्याआधी तीन वर्षं नियमित वेट ट्रेनिंग, मग नोकरीच्या ओढाताणीत चौदा महिन्यांचा खंड. ब्लडप्रेशर, शुगर, थायरॉइड यांपैकी काही नाही, रोजची गोळी कुठलीही नाही. जिममध्ये परत नाव घातलं त्या सोमवारीच त्यांनी पायांचा पूर्ण वर्कआउट मारला. गुरुवारी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा खुर्चीत बसताना दोन्ही हात हँडलवर टेकवून, शेवटची वीतभर उंची अंग तसंच सोडून द्यावं लागलं. बसल्यावरचं पहिलं वाक्य होतं, "उठताना मदत लागेल, आधीच सांगून ठेवते."

हे प्रकरण दुर्मीळ आहे म्हणून लिहीत नाही. मोठ्या खंडानंतर जिममध्ये परतणाऱ्या कित्येकांचं थोड्याफार फरकानं हेच होतं. पण या बाई बेफिकीर नव्हत्या. त्यांनी विचार करून, वजन कमी करूनच सुरुवात केली होती. तरीही हे झालं. शिवाय मधल्या दोन दिवसांत अशा काही गोष्टी घडल्या की साधं दुखणं आणि धोक्याचं दुखणं यांतली सीमारेषा पुसट झाली. या दोन्ही गोष्टी नीट मांडण्यासारख्या आहेत.

सोमवारचा हिशेब

मोबाइलमध्ये त्यांच्या जुन्या वर्कआउटची नोंद होती. खंड पडण्याआधीचा शेवटचा लेग डे, म्हणजे पायांच्या व्यायामाचा दिवस: स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बसणं-उठणं), ६० किलो, ८ रेप्सचे ५ सेट, म्हणजे लागोपाठ आठ वेळा, अशा पाच खेपा. परत आल्यावर त्यांनी १० किलो उतरवले आणि ५० वर आल्या. वजन कमी आहे तर रेप्स थोड्या वाढवू, म्हणून १० रेप्सचे ५ सेट केले. यात कुणालाही गैर वाटणार नाही. पण गुणाकार करून बघा. जुनं काम ६० गुणिले ४०, म्हणजे २,४०० किलो. नवं काम ५० गुणिले ५०, म्हणजे २,५०० किलो. चौदा महिन्यांनी आलेल्या पायांना त्यांनी जुन्यापेक्षा जास्त काम दिलं होतं, आणि आपण जपून चाललोय अशीच त्यांची समजूत होती.

एवढ्यावर थांबलं नाही. पुढे दोन्ही हातांत ८-८ किलोचे डंबेल घेऊन चालत लंजेस, म्हणजे लांब पाऊल टाकून मागचा गुडघा जमिनीकडे नेणं, २० पावलांचे ४ सेट. मग लेग प्रेसचे (पायांनी वजन ढकलणं) ४, रोमानियन डेडलिफ्टचे (कमरेतून वाकून वजन उचलणं) ३, लेग एक्स्टेन्शनचे (बसून गुडघा सरळ करत वजन उचलणं) ३. एकूण १९ सेट. मी विचारलं, करताना काय वाटत होतं? "काहीच नाही. पाय भरून आले, दम लागला, पण मजा आली. वाटलं, अरे, अजून जमतंय की." घरी जाताना जिनाही नेहमीसारखा उतरल्या.

मंगळवारी सकाळी मांड्या आखडलेल्या. बुधवारी कहर. जिना चढता येत होता, उतरता येत नव्हता. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या स्पष्टीकरणाचं मूळ तिथेच आहे. मंगळवार दुपारपासून त्यांनी मनानेच आयब्युप्रोफेन या वेदनाशामकाची ४०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा सुरू केली होती. बुधवारी संध्याकाळी तशाच जिममध्ये गेल्या. तिथल्या ट्रेनरने सांगितलं, "मॅडम, लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय. थोडे पाय परत मारा, मोकळे होतील." बिनवजनाच्या लंजेसचे तीन सेट झाले, मग ट्रेनरने पाय धरून, रेटून स्ट्रेचिंग करवलं. तेवढ्यापुरतं खरंच बरं वाटलं. गुरुवारी सकाळी दोन्ही मांड्या सुजलेल्या होत्या.

साधं दुखणं की आणखी काही

अशा वेळी मी आधी पायांना हात लावत नाही, प्रश्न विचारते. दुखणं कधी सुरू झालं? व्यायाम करतानाच कळ आली, की दुसऱ्या दिवशी? एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखतंय, की अख्खा स्नायू ठणकतोय? एकच पाय की दोन्ही? त्यांची उत्तरं सरळ होती. दुसऱ्या दिवशी सुरू झालं, दोन्ही मांड्यांत सारखं, पुढच्या बाजूला जास्त, नितंबांत थोडं. स्नायू फाटण्याच्या दुखापतीत बहुधा उलट असतं: व्यायाम चालू असतानाच चटका बसतो, जागा ठरावीक असते, एकच बाजू असते. सांधा दुखत नव्हता. पिंढऱ्या मऊ होत्या. एकाच पिंढरीला सूज, गरमपणा आणि दुखणं असतं तर रक्ताच्या गुठळीची शंका घेऊन त्यांना तिथूनच पुढे पाठवलं असतं. मुंग्या नव्हत्या, बधिरपणा नव्हता, मांडी दगडासारखी टणक झालेली नव्हती.

इथवर चित्र उशिरा उमटणाऱ्या साध्या स्नायुदुखीचंच होतं. ती व्यायामानंतर साधारण १२ ते २४ तासांनी जाणवू लागते, २४ ते ७२ तासांच्या दरम्यान कळसाला पोहोचते आणि आठवड्याभरात ओसरते.

मग लघवीबद्दल विचारलं. हा प्रश्न जिममध्ये कुणी कुणाला विचारत नाही, आणि नेमका तोच विचारायला हवा. त्या जरा थांबल्या. "गडद आहे. पण मी पाणीच कमी पितेय." का? "कमोडवर बसायचं म्हणजे भिंत धरून उतरावं लागतं. उठताना तर डोळ्यांत पाणी येतं. म्हणून म्हटलं, जितकं कमी जावं लागेल तितकं बरं."

इथे माझा सूर बदलला. खूप दुखावलेले स्नायू, कमी पाणी, वर आयब्युप्रोफेन, आणि बुधवारी त्याच स्नायूंवर पुन्हा काम. यांतली एकेक गोष्ट सुटी असती तर एवढं मनावर घेतलं नसतं. एकत्र आल्यावर मूत्रपिंडांचा विचार करावाच लागतो. स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणात फुटल्या की आतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि ते गाळताना मूत्रपिंडांवर ताण येतो. याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. १९४१ साली लंडनमध्ये बाँबहल्ल्यांच्या ढिगाऱ्याखाली चिरडल्या गेलेल्या लोकांची मूत्रपिंडं नंतर का बंद पडतात, हे बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी नोंदवलं, तेव्हापासून हा आजार वैद्यकात नीट ओळखीचा झाला. ढिगाऱ्याखाली न सापडताही, नुसत्या अतिव्यायामाने तो होऊ शकतो. असह्य दुखणं, कमालीचा अशक्तपणा आणि कोलासारखी गडद लघवी ही त्याची पाठ्यपुस्तकी लक्षणं. पण तिन्ही एकत्र फार थोड्यांत दिसतात, त्यामुळे तिसऱ्याची वाट बघत बसण्यात अर्थ नसतो.

त्याच दुपारी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. रक्तात क्रिएटिन कायनेज, म्हणजे सीके, २,८४० युनिट आलं. हे एन्झाइम स्नायूंतून गळतं. नेहमीची वरची मर्यादा प्रयोगशाळेगणिक थोडी बदलते, पण साधारण २०० च्या आसपास धरा. पाचपटीच्या वर गेलं की ऱ्हॅब्डोचा विचार सुरू होतो, आणि हा आकडा चौदापट होता. पण मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते दाखवणारं क्रिएटिनिन नॉर्मल होतं आणि लघवीत रक्ताची पट्टी निगेटिव्ह आली. ही पट्टी मायोग्लोबिनलाही रंग देते, म्हणून तिचं निगेटिव्ह येणं दिलासा देणारं होतं. डॉक्टरांनी दाखल केलं नाही. आयब्युप्रोफेन बंद, पाणी भरपूर, लघवीच्या रंगावर नजर, दोन दिवसांनी पुन्हा तपासणी.

शनिवारी सीके ३,३१० आलं आणि त्यांचा घाबराघुबरा फोन आला. दुखणं तर कमी झालंय, मग आकडा कसा वाढला? खरं तर यात नवल नव्हतं. अशा व्यायामानंतर सीके तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास कळसाला जातं, म्हणजे दुखणं उतरणीला लागल्यानंतर. दुखणं आणि पेशींची इजा हातात हात घालून चालत नाहीत. सीके फारसं न वाढता माणूस कळवळू शकतो आणि सीके हजारांत असताना चालत येऊ शकतो. म्हणूनच एकट्या सीकेवरून डॉक्टर निर्णय घेत नाहीत. क्रिएटिनिन, लघवी आणि समोर बसलेलं माणूस हे सगळं मिळून बघतात. पुढच्या बुधवारी आकडा ६४० वर उतरला आणि तो विषय संपला.

जिना उतरतानाच का दुखतं

ट्रेनरचं लॅक्टिक अ‍ॅसिड आधी बाजूला काढू. ही समजूत इतकी खोल रुजली आहे की चांगले अनुभवी लोकही ती सांगतात. व्यायामात तयार झालेलं लॅक्टेट, म्हणजे लोक ज्याला लॅक्टिक अ‍ॅसिड म्हणतात ते, साधारण तासाभरात मूळ पातळीवर येतं. मग बुधवारच्या कळा त्याच्या माथी कशा मारणार? १९८३ साली ट्रेडमिलवर याचा सोपा प्रयोग झाला. काही जण सपाट पट्ट्यावर पळाले, काही उतारावर. लॅक्टेट वाढलं सपाटवाल्यांचं, पाय दुखले उतारवाल्यांचे. त्याच्याही कितीतरी आधी, १९०२ मध्ये, थिओडोर हफ या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने उशिरा येणारं हे दुखणं वेगळं ओळखून, स्नायूच्या आतच कुठेतरी फाटाफूट होत असावी असं मांडलं होतं.

उतारात असं काय आहे? स्नायू दोन प्रकारे काम करतो. स्क्वॉटमधून वर येताना मांडीचा पुढचा स्नायू आखूड होत जोर लावतो. खाली जाताना तोच स्नायू लांबत असतो, आणि लांबता लांबता वजन अडवून धरत असतो. हे दुसरं काम, ब्रेक लावण्याचं, त्याला जड जातं. म्हणजे दम कमी लागतो, पण इजा जास्त होते. जिना उतरणं, टेकडी उतरणं, लंजमध्ये गुडघा खाली नेणं, कमोडवर हळूच बसणं, सगळं याच जातीचं. १९८१ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी लोकांना पुन्हा पुन्हा जिने उतरायला लावून पोटरीच्या स्नायूचे सूक्ष्म तुकडे तपासले. स्नायुतंतूंना आडवं जोडून ठेवणाऱ्या झेड रेषा विस्कटलेल्या दिसल्या. या विस्कटण्यानंतर दाह होतो, सूज येते, आणि मज्जातंतूंची टोकं हळवी होतात. त्या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून दुखणं उशिरा.

आता आपल्या प्रकरणाकडे. स्नायूला अशा कामाचा एक डोस मिळाला की तो पुढच्या वेळेसाठी तयार होतो. तोच व्यायाम दोन आठवड्यांनी केला तर दुखणं निम्म्याहूनही कमी होऊ शकतं. हे संरक्षण किती टिकतं? दंडाच्या स्नायूंवर झालेल्या एका प्रयोगात ते सहा महिन्यांनंतरही बऱ्यापैकी शिल्लक होतं, पण नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान विरून गेलं. बाईंचा खंड चौदा महिन्यांचा. त्यांचं संरक्षण शून्यावर होतं.

ताकद मात्र शून्यावर नव्हती, आणि घात इथेच झाला. तीन वर्षं कमावलेलं तंत्र आणि बरीचशी ताकद त्यांच्याकडे होती. अगदी नवशिक्या बाईला ५० किलोचा बारबेल खांद्यावर घेऊन दहा रेप्स मारताच आल्या नसत्या. तिच्या कमजोरीनेच तिला वाचवलं असतं. यांना मारता आल्या. पन्नास झाल्या, वर लंजेस झाल्या, आणि शरीराने कुठेही हात धरला नाही, कारण हे दुखणं करतेवेळी सांगतच नाही. म्हणून परतणाऱ्या जुन्या मंडळींची मला नवशिक्यांपेक्षा जास्त काळजी वाटते. "जमतंय ना, मग करू" हा निकष त्यांच्या बाबतीत पहिले दोन आठवडे निव्वळ फसवा असतो.

त्यातही १९ सेटमधले लंजेस सर्वांत महाग पडले असावेत असं माझं मत आहे. लंजमध्ये मांडी आणि नितंब ताणलेल्या स्थितीत वजन अडवतात, आणि स्नायू जितका लांबलेला असताना ब्रेक लावतो तितकी इजा जास्त. लेग एक्स्टेन्शन वगळलं असतं तर फारसा फरक पडला नसता. लंजेस वगळले असते तर बहुधा गुरुवारी आमची भेटच झाली नसती.

दुखणं उतरवायला काय केलं

फार काही केलं नाही. शुक्रवारपासून सपाट रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं चालणं, दिवसातून दोनदा. सायकल हलक्या रेझिस्टन्सवर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. हालचालीने दुखणं तेवढ्या वेळापुरतं उतरतं, नंतर परत येतं. बुधवारी लंजेसनंतर बरं वाटलं ते त्यामुळेच. हलकी हालचाल मोफत आहे आणि निरुपद्रवी आहे. दुखावलेल्या स्नायूला पुन्हा ब्रेक लावायला लावणं ही हलकी हालचाल नव्हे.

स्ट्रेचिंगबद्दल त्यांचा आग्रह होता. मी नाही म्हटलं नाही, पण अपेक्षा कमी करून दिली. या विषयावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र करून कॉक्रेन संस्थेने जो आढावा घेतला, त्यात व्यायामानंतरच्या स्ट्रेचिंगमुळे दुसऱ्या दिवशीचं दुखणं शंभरपैकी सरासरी एका गुणाने कमी झालेलं दिसलं. एका मोठ्या अभ्यासात व्यायामाआधी आणि नंतर दोन्ही वेळा स्ट्रेचिंग करून आठवड्यातलं सर्वाधिक दुखणं चार गुणांनी उतरलं. इतका फरक माणसाला जाणवतही नाही. लवचीकपणासाठी करा, बरं वाटतं म्हणून करा. दुखणं टळेल म्हणून करू नका. आणि दुखऱ्या पायावर दुसऱ्याने जोर लावून तर मुळीच नको.

मसाज मात्र उपयोगी पडतो. निरनिराळ्या उपायांची तुलना करणाऱ्या २०१८ मधल्या एका मोठ्या विश्लेषणात स्नायुदुखीवर मसाज सर्वांत वरचा ठरला. सूज उतरेपर्यंत थांबून, रविवारी हलक्या हाताने केला. त्या रात्री पहिल्यांदा कुशीवर वळताना जाग आली नाही, असं त्यांनी कळवलं.

थंड पाण्यात बसण्याबद्दल त्यांनी विचारलं, कारण जिममध्ये त्याची सध्या चलती आहे. दुखणं थोडं कमी होतं, हे खरं. पण २०१५ मध्ये एका अभ्यासात बारा आठवडे दर वेळी व्यायामानंतर सुमारे १० अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं बसणाऱ्यांची ताकद आणि स्नायूंची वाढ, हलकी सायकल मारणाऱ्यांपेक्षा कमी भरली. दोन दिवसांत लागोपाठ सामने असलेल्या खेळाडूला हा सौदा परवडेल. ज्यांना स्नायू कमवायचे आहेत त्यांनी रोजची सवय का लावून घ्यावी हे मला कळत नाही.

गोळ्यांचंही तसंच. मूत्रपिंडांचा मुद्दा वर आलाच. त्याशिवाय, आठ आठवडे रोज १,२०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन घेणाऱ्या तरुणांच्या मांडीची वाढ, अ‍ॅस्पिरिनचा छोटा डोस घेणाऱ्यांच्या जेमतेम निम्मी झाली, असं स्वीडनमधल्या २०१८ च्या एका चाचणीत दिसलं. एखाद्या वेळची गोळी वेगळी. पण लेग डेच्या आधीच खिशात गोळी घेऊन जाणारी माणसं मी पाहिली आहेत.

पुन्हा सुरुवात

सीके उतरल्यावर आणि जिना न धरता उतरता येऊ लागल्यावर, म्हणजे पहिल्या वर्कआउटनंतर साधारण दीड आठवड्याने, पायांचं काम परत सुरू केलं. पहिलं सत्र एवढंच: रिकामा २० किलोचा बार घेऊन, मागे ठेवलेल्या बॉक्सवर टेकून उठायचे स्क्वॉट, ८ रेप्सचे २ सेट. हलक्या वजनात रोमानियन डेडलिफ्टचे २. लेग प्रेसचा १. लंजेस नाहीत. एकूण पाच सेट, आणि प्रत्येक सेट थांबवताना आणखी निदान चार रेप्स सहज निघतील अशी स्थिती हवी. वीस मिनिटांत सगळं आटोपलं. त्यांचा चेहरा पडला होता. "यासाठी मी कपडे बदलून आले?"

बॉक्स मुद्दाम होता. स्क्वॉटची खोली हाही डोसच असतो, हे फार कमी जण लक्षात घेतात. वजन, सेट, रेप्स सगळे मोजतात. खाली किती गेलो ते कुणी लिहून ठेवत नाही. पहिल्या आठवड्यात मांडी जमिनीला समांतर येण्याच्या बरीच आधी बॉक्स लागत होता. मग दर आठवड्याला त्याची उंची थोडी कमी केली.

आठवड्यातून दोन सत्रं, मध्ये किमान दोन दिवस. दुसऱ्या आठवड्यात बारवर ३० किलो, तिसऱ्यात सेट दोनाचे तीन. लंजेस तिसऱ्या आठवड्यात आले, तेही मागे पाऊल टाकून करायचे, एका बाजूला ६, एकच सेट, हातात काही नाही. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, वजन किंवा सेट किंवा खोली. हा शास्त्रातला नियम नाही, माझ्या हाताखालचा आहे. काही बिनसलं तर कशामुळे ते ओळखता येतं, एवढाच त्याचा फायदा.

पुढच्या सत्राला पाय तयार आहेत का, हे ठरवायला त्यांना शून्य ते दहाची पट्टी दिली. तीनपर्यंत दुखत असेल तर ठरलेलं करा. चार-पाच असेल तर मागच्या वेळेइतकंच, वाढ नाही. सहा आणि वर असेल तर त्या स्नायूला भार नाही, वरच्या अंगाचं करा. सोबत एक छोटी परीक्षा: हात न लावता खुर्चीवरून पाच वेळा सावकाश बसणं-उठणं. दुखणं सहन करणाऱ्याचा आकडा नेहमी खोटा असतो, खुर्ची खोटं बोलत नाही. दुखणं पूर्ण शून्यावर येईपर्यंत थांबायची गरज नाही, हेही सांगावं लागलं. एकदा पोळल्यामुळे त्या आता बारीकशा आखडण्यालाही बिचकत होत्या.

"दुखतच नाही, मग लागतंय का?"

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी बिचकणं गेलं आणि उलटी तक्रार सुरू झाली. पाय अजिबात दुखत नव्हते. "मग उपयोग काय? पूर्वी लेग डे झाला की दोन दिवस कळायचं तरी." जिममध्ये हे रोज ऐकू येतं. दुखलं म्हणजे लागलं, नाही दुखलं म्हणजे वेळ फुकट.

त्यांना मी दोन अभ्यास समजावून सांगितले, कारण त्या आकड्यांच्या बाई आहेत, धीर देऊन भागलं नसतं. २०११ च्या एका प्रयोगात दोन गट होते. एकाला आधी तीन आठवडे हळूहळू सवय लावली, दुसऱ्याला थेट पूर्ण कामाला जुंपलं. दुसऱ्या गटाचे पाय दुखले, सीके वाढलं; पहिल्याचं तसं झालं नाही. एकूण काम सारखं झाल्यावर मांडीची वाढ आणि ताकद दोन्ही गटांत सारखीच भरली. दुसरा अभ्यास २०१६ चा. सुरुवातीच्या, इजा जास्त असलेल्या दिवसांत स्नायूत नवी प्रथिनं जोरात बनतात, पण ती खर्ची पडतात दुरुस्तीवर. वाढ आणि प्रथिननिर्मिती यांचा मेळ बसतो तो नंतर, इजा कमी झाल्यावर. म्हणजे तो सोमवार त्यांना वाढीच्या हिशेबात जवळपास काहीच देऊन गेला नाही, दीड आठवडा मात्र घेऊन गेला.

त्या गप्प बसल्या, पण पटलं असं म्हणवत नाही. पटवलं ते नोंदींनी. सहाव्या आठवड्यात ४५ किलोचे ८ रेप्स, पूर्ण खोलीवर. दहाव्या आठवड्यात ६० किलोचे ८ रेप्सचे ३ सेट, म्हणजे जुनं वजन परत, कमी सेटमध्ये. त्या काळात दुखणं एकदाच चारवर गेलं होतं, बॉक्स काढून टाकला त्या आठवड्यात, मांडीच्या आतल्या बाजूला. पुढच्या सत्रात काही वाढवलं नाही, आणि ते गेलं.

झोप आणि प्रथिनं यांबद्दल थोडक्यात: दोन्ही लागतात, दोन्ही दुखण्यावरचा इलाज नव्हेत. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.६ ग्रॅम प्रथिनांच्या पुढे गेल्याने स्नायूंची वाढ सरासरीत आणखी वाढलेली दिसत नाही. त्या आधीच तेवढी घेत होत्या, तिथे हात लावला नाही.

मग हात

चौथ्या महिन्यात त्या परत आल्या, या वेळी दोन्ही कोपरं अर्धवट वाकलेली. हात सरळ होईनात. पुलअप शिकायचा म्हणून बाकावर चढून, बारला हनुवटी लावून, सावकाश खाली उतरायचं, असं त्यांनी कुठेतरी पाहून केलं होतं. ५ सेकंदांत एक याप्रमाणे ६ चे ५ सेट. तीसही वेळा नुसता ब्रेक.

पाय एवढे तयार झाले होते, मग हात कसे दुखले, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. ज्या स्नायूने ते काम केलंय त्यालाच संरक्षण मिळतं. स्क्वॉटने मांड्या तयार होतात, दंड नाही. आणि दंडाचे स्नायू अशा कामाला मांड्यांपेक्षा जास्त हळवे असतात. पायांना निदान रोजचे जिने तरी उतरावे लागतात. कोपर सरळ न होणं हे त्या इजेचं नेहमीचं लक्षण आहे, आणि ताकद पूर्ववत व्हायला आठवड्याहून जास्त लागू शकतो.

या खेपेला मला फार विचारावं लागलं नाही. गोळी घेतली नव्हती. पाणी पीत होत्या. लघवीचा रंग त्यांनीच आधी सांगितला, फिका पिवळा. फुगवटा कोपराच्या वर थोडा, बोटांत मुंग्या नाहीत, मुठीची पकड ठीक. रक्त तपासायची गरज डॉक्टरांना फोनवर विचारली, त्यांनी लघवीवर नजर ठेवून दोन दिवस थांबायला सांगितलं. शुक्रवारी कोपरं जवळपास सरळ झाली होती.

पुलअपचं वेड मी मोडलं नाही. दहा दिवसांनी परत सुरू केलं: जाड रबर बँडच्या आधाराने, उतरायला दोन-तीन सेकंद, ३ रेप्सचे २ सेट, आठवड्यातून दोनदा. बँड पातळ करायचा की रेप्स वाढवायच्या, यावर सध्या आमची घासाघीस चालू आहे.